मान आणि धन : चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील गावपदांचा एक इतिहास

प्रस्तावना

संस्कृतात 'मानधन' या शब्दाचा अर्थ 'मान हेच ज्याचे धन आहे असा पुरुष' असा होतो. मराठीतील 'मानधनी' हे विशेषण त्याच अर्थाचे आहे. आजच्या शासकीय मराठीत मात्र पगार म्हणता येणार नाही इतकी अल्प असलेली, पण काहीच दिले नाही असेही म्हणता येऊ नये म्हणून दिली जाणारी दरमहाची रक्कम म्हणजे मानधन. सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, अंगणवाडी सेविका यांना जे मिळते ते मानधन. तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक यांना मिळते ते वेतन. या शब्दभेदाच्या मुळाशी एक गृहीत आहे. ज्याला मान मिळतो त्याला धन कमी दिले तरी चालते, असे ते गृहीत होय.

हे गृहीत फार जुने आहे आणि त्याला मोठ्या विचारवंतांचा आधारही आहे. ॲडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिष्ठेच्या व्यवसायांमध्ये प्रतिष्ठा हाच मोबदल्याचा मोठा भाग असतो, असे प्रतिपादन केले. खाटीक आणि फाशी देणारा यांना अधिक मोबदला मिळतो तो त्यांच्या कामाला मान नसल्यामुळे, हे त्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. कौटिल्याचे मत याच्या नेमके उलट दिसते. अर्थशास्त्रातील वेतनाच्या प्रकरणात पुरोहित, सेनापती, युवराज अशा सर्वाधिक मानाच्या पदांनाच त्याने ४८,००० पण इतके सर्वाधिक वेतन सांगितले आहे आणि खालच्या सेवकांना ६० पण. एवढे वेतन मिळाले तर हे लोक फितुरीला वश होणार नाहीत, असे कारणही त्याने दिले आहे. मान आहे म्हणून धन कमी, की मान आहे म्हणूनच धन जास्त, हा प्रश्न या दोन मतांमधून निर्माण होतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पूर्वीचा चांदा जिल्हा, म्हणजेच आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे, यांच्या संदर्भात केला आहे. वैनगंगा आणि प्राणहिता यांच्या काठचा हा वनप्रदेश गोंडराजे, भोसले, इंग्रज, मध्य प्रदेश, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा क्रमाने निरनिराळ्या सत्तांखाली राहिला. प्रत्येक सत्तेला दूरच्या गावात आपला कोणीतरी माणूस हवा होता आणि त्याला पूर्ण वेतन देण्याची तयारी मात्र कोणाचीच नव्हती.

मुकद्दम आणि त्याचा तलाव

पश्चिम महाराष्ट्रातील पाटीलकी हे वतन होते. त्याला इनाम जमीन होती, हक्क होते आणि त्याचबरोबर होळी, पोळा, दसरा या प्रसंगांतील अग्रमान होता. हे मानपान कागदोपत्री नोंदले जात, त्यांवरून तंटे होत आणि पाटीलकीचा हिस्सा विकताना मानाचीही वाटणी होई. उत्तर हिंदुस्थानात बलाढ्य झालेल्या महादजी शिंद्यांना 'पाटीलबाबा' म्हणवून घेणे भूषणाचे वाटत होते, यावरून त्या शब्दाचे वजन लक्षात येते. परंतु तेथेही मान हा धनाच्या बदल्यात मिळत नव्हता. दोन्ही एकाच वतनाची अंगे होती.

चांद्याकडे परिस्थिती वेगळी होती. १७५१ च्या सुमारास गोंड राज्य भोसल्यांकडे गेल्यानंतर येथील पाटील हा बव्हंशी सरकारचा वसुलीदार राहिला. त्याच्या पदाला देशावरच्या वतनाचे स्थैर्य नव्हते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि त्यानंतरच्या जमाबंदीत या वसुलीदारांना गावाचे मालकी हक्क बहाल करण्यात आले. चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा मेजर ल्युसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा आहे. कालचा पाटील अशा रीतीने मालगुजार झाला. जंगलपट्ट्यात जुन्या जमीनदाऱ्या होत्या, त्यांत अहेरीची सर्वांत मोठी. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचे साहाय्य झाले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूरावांना चांद्याला फाशी देण्यात आले. या निष्ठेचा मोबदला म्हणून इंग्रजांनी अहेरीला जप्त केलेल्या जमीनदाऱ्यांतील गावे दिली. पदव्या आणि सनदा वाटण्यात इंग्रज सरकार पुढे कधी मागे राहिले नाही, परंतु जेव्हा काम खरोखर जोखमीचे होते तेव्हा त्याने मोबदला गावांच्या रूपाने दिला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१८८१ च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्याने गावाच्या कारभाराची रचना निश्चित केली. सारा भरण्याची जबाबदारी लंबरदाराची आणि गावचा कारभार मुकद्दमाचा. गुन्ह्याची वर्दी देणे, कोतवालावर देखरेख करणे, गावाची स्वच्छता पाहणे, दौऱ्यावरील अधिकाऱ्याला साहाय्य करणे ही मुकद्दमाची कामे होती. मालगुजार गावात राहत नसेल तर त्याच्या वतीने मुकद्दम-गुमास्ता काम पाही. वरवर पाहता हे पद जवळजवळ विनावेतन होते, आणि वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या लिखाणात गावमुख्याच्या नैसर्गिक प्रतिष्ठेविषयी बरेच कौतुकाने बोललेले आढळते. तथापि मुकद्दमाकडे सीर आणि खुदकास्त जमीन होती, कुळांचा खंड होता, गावठाणाचे, गावजंगलाचे आणि मोहफुलांचे उत्पन्न होते. शिवाय कुळांकडून घेतली जाणारी वेठ होती. सरकारच्या हिशेबात त्याचा पगार शून्य दिसत असे, कारण तो पगार सरकारऐवजी गाव देत होते.

या व्यवस्थेतील शोषण झाकण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात मानाने प्रत्यक्ष काम करून घेतल्याचेही एक उदाहरण आहे, आणि ते अजून डोळ्यांसमोर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात आजही जे असंख्य तलाव दिसतात त्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात. माजी मालगुजारी तलाव, याचे हे संक्षिप्त रूप. त्यांतील काही तलाव मालगुजारीहूनही जुने आहेत. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. धानाला ऐन निसवणीच्या वेळी पाणी न मिळाल्यास सारे पीक जाते, म्हणून तलाव हा गावाचा प्राण होता. मालगुजाराचा त्यात स्वार्थ होताच, कारण धान पिकले तर खंड मिळे. पण तलावाला बांधणाऱ्याचे नाव लागत असे आणि पाळ फुटली तर त्याच नावाला बट्टा लागे. पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती टाकणे, सांडवा पाहणे, पाण्याच्या पाळ्या ठरवणे ही कामे कोणत्याही सरकारी आदेशाविना होत. गाळ काढण्यासाठी राबणारे हात कित्येकदा वेठीचे असत, हेही विसरता येत नाही. नाव मालगुजाराचे आणि घाम कुळाचा, अशी ती विभागणी होती.

मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी आणि जमीनदारी संपुष्टात आली. घरची शेती मालगुजाराकडे राहिली. जंगल, गावठाण आणि तलाव शासनाकडे गेले. हे न्याय्यच होते. पण तलावासंबंधी एक गोष्ट घडली जी कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. ज्याचे नाव तलावाला जोडलेले होते त्याचा हक्क गेला आणि ज्याच्याकडे हक्क आला त्या खात्याचे नाव कोणत्याच एका तलावाला जोडलेले नव्हते. पुढील दशकांत अनेक तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या, पोटात अतिक्रमणे झाली. खात्यातील कर्मचाऱ्याला वेतन होते, ते नियमित होते, पण एखाद्या गावाचा तलाव भरला किंवा फुटला याने त्याच्या मानात काही अधिकउणे होत नव्हते. मानाला काहीच किंमत नाही असे म्हणणाऱ्यांनी या तलावांकडे पाहावे. आणि केवळ मानावर काम होते असे म्हणणाऱ्यांनी त्या मालगुजाराच्या सीर जमिनीकडे पाहावे.

कोतवाल : मान नाही, धनही नाही

ॲडम स्मिथचा सिद्धान्त खरा मानला तर ज्या पदाला मान नाही त्याला अधिक मोबदला मिळायला हवा. गावातील सर्वांत कमी मानाचे पद कोतवालाचे होते. रात्री पहारा देणे, दवंडी पिटणे, मेलेल्या जनावराची वर्दी देणे, जन्ममृत्यूची नोंद ठाण्यावर पोचवणे, अधिकाऱ्याचे सामान वाहणे ही त्याची कामे होती. या भागात हे काम बहुधा महार समाजातील माणसाकडे असे. त्याचा मोबदला नांगरामागे ठरावीक धान असा असून तो गावच्या वाजिब-उल-अर्जात नोंदलेला असे. खळ्यावर जाऊन ते धान मागावे लागे. दुष्काळ पडला तर धान बुडे, काम मात्र बुडत नसे.

बाजारातील मजुरीला लागू पडणारे स्मिथचे सूत्र येथे लागू पडत नाही, कारण कोतवाल बाजारात उभा नव्हता. जन्माने ठरलेल्या कामाला नकार देण्याची मोकळीक नसते आणि जेथे नकार नाही तेथे मोबदला वाढत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. मुंबई प्रांतातील महार वतनाच्या संदर्भात त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. अल्प बलुत्याच्या आणि तुटपुंज्या वतनी जमिनीच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाला आठही प्रहर सरकारची चाकरी करावी लागते. हे बंधन सुटावे आणि कामाचा रास्त मोबदला रोखीने मिळावा, असा त्यांचा आग्रह होता. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. वतन हा मानाचा शब्द आहे. तोच अपुऱ्या मोबदल्यावर पांघरूण घालतो, हे त्यांनी दाखवून दिले. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. चांद्याच्या कोतवालाला तर वतनाचे नावही नव्हते.

मान आणि दरारा

जंगलात तिसराच प्रकार आढळतो. राखीव जंगलांच्या स्थापनेनंतर वनखात्याचा शिपाई, आजचा वनरक्षक, हा माडिया आणि गोंड गावांना भेटणारा सरकारचा सर्वांत जवळचा आणि बहुधा एकमेव चेहरा झाला. त्याचा पगार अल्प होता. परंतु सरपण, घरासाठी लाकूड, बांबू, मोह, डिंक, गुरांची चराई या साऱ्या गोष्टी त्याच्या मर्जीवर अवलंबून होत्या. कोंबडी, तांदूळ, मोहाची दारू, विनामोबदला मजुरी अशा रूपाने त्याचा अपुरा पगार गावाकडून भरून निघे. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या प्रश्नांची १९४० नंतर पाहणी केली. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात वेठबिगारीचा प्रश्न हाताळलेला आहे. १९३५ च्या कायद्यानंतर ज्या प्रदेशांना अंशतः वर्जित क्षेत्र ठरवण्यात आले त्यांत अहेरी आणि गडचिरोली तहसिलातील धानोरा, मुरुमगाव, रांगी, खुटगाव, कोटगल इत्यादी जमीनदाऱ्या होत्या. आदिवासींना इतरांपासून संरक्षण मिळावे हा त्यामागील हेतू. त्यांना खालच्या सरकारी नोकरापासूनही संरक्षणाची गरज आहे, हे मात्र उशिरा उमगले.

येथे मराठीतील दोन शब्दांतील अंतर उपयोगी पडते. मान दिला जातो, दरारा घेतला जातो. अल्प वेतनाच्या पदाला अधिकार पुष्कळ असले आणि लोकांना तक्रारीची वाट नसली, की मानाच्या जागी दरारा येतो आणि दराऱ्याचे रूपांतर धनात करणे फारसे अवघड नसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॉर्नवॉलिसने कंपनीच्या अधिकाऱ्यांचे पगार भरघोस वाढवून त्यांचा खासगी व्यापार बंद केला तो याच जाणिवेतून. ही जाणीव वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांपुरती राहिली. गावातील शिपायापर्यंत ती पोचली नाही. १९८० च्या सुमारास आंध्रातून प्राणहिता ओलांडून नक्षलवादी दले या भागात आली, तेव्हा त्यांनी तेंदूपानांचे आणि बांबूकटाईचे दर यांबरोबर वनखात्याच्या आणि महसूल खात्याच्या खालच्या नोकरांची ही वसुली हाच विषय हाती घेतला. दूर राजधानीत अल्प पगारात केलेली काटकसर येथे अशा रीतीने राजकीय प्रश्न बनली.

पोलीस पाटील : मानाचा विस्तव

मालगुजारीच्या अस्तानंतर गावमुख्याच्या पदाखालची जमीन निघून गेली. १९५६ मध्ये चांदा जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ याने वंशपरंपरागत ग्रामपोलीस पदे रद्द केली आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्याने नेमावयाचा पोलीस पाटील हे पद सर्व राज्यात एकसारखे केले. वंश गेला हे इष्टच झाले. मात्र या पदाची कामे जवळजवळ जुन्या मुकद्दमाचीच राहिली. गुन्ह्याची वर्दी, संशयिताची माहिती, मृतदेह आढळल्यास कळवणे, तपासात साहाय्य, गावात शांतता. शेती किंवा गावातील छोटा धंदा करण्याची त्याला मुभा आहे, याचाच अर्थ केवळ या पदावर घर चालणार नाही हे शासनाने आरंभीच मान्य केले होते.

मानधनाचे आकडे पाहता हे अधिक स्पष्ट होते. पोलीस पाटलाचे मानधन २०१९ पर्यंत दरमहा ३,००० रुपये होते, त्या वर्षी ते ६,५०० झाले आणि २०२४ मध्ये १५,००० करण्यात आले. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी २७३ रुपये होती. म्हणजे त्या वर्षी पोलीस पाटलाचे महिन्याचे मानधन साधारण २४ दिवसांच्या मातीकामाइतके होते. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावातील सरपंचाला त्या वर्षी ३,००० रुपये मिळत, म्हणजे ११ दिवसांची मजुरी. सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने ही रक्कम ६,००० झाली. हे पूर्णवेळेचे काम नाही, असे यावर उत्तर दिले जाते आणि कागदावर ते बरोबर आहे. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील सरपंचाला तहसील कार्यालयात एका सहीसाठी जाण्यात अख्खा दिवस मोडतो, बसभाडे आणि चहापाणी खिशातून जाते, हे मात्र कागदावर दिसत नाही. त्याला मराठीत 'पदरमोड' असा नेमका शब्द आहे. पदर मोठा असणारालाच अशी मोड परवडते, म्हणून अल्प मानधन हे गरिबाच्या उमेदवारीवरील न लिहिलेले बंधन ठरते. इंग्लंडमधील चार्टिस्टांनी १८३८ मध्ये संसद सदस्यांना वेतन मागितले ते याच कारणासाठी, आणि ते मिळायला १९११ साल उजाडले.

याउलट वेतन स्वेच्छेने कमी घेण्याचा दाखलाही याच काळाच्या इतिहासात आहे. १९३१ च्या कराची अधिवेशनाच्या ठरावाला अनुसरून १९३७ मध्ये मध्य प्रांतासह निरनिराळ्या प्रांतांतील काँग्रेस मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपयांवर काम केले. तेथे कमी वेतनाने मान वाढला, कारण ते वेतन त्यांनी स्वतः कमी केले होते आणि त्यांच्यापुढे भरमसाट पगार घेणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा दाखला होता. स्वतः सोडलेल्या पैशाला त्याग म्हणतात; दुसऱ्याने न दिलेल्या पैशाला तसे म्हणता येत नाही. सरपंचाच्या सेवाभावाचे गोडवे गाताना हा फरक नेहमी गाळला जातो.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढील तीन दशकांत पोलीस पाटलाच्या पदाचा अर्थ या जिल्ह्यात पार बदलला. गावातील घडामोडी ठाण्यावर कळवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य, आणि नेमके हेच कर्तव्य नक्षलवाद्यांच्या दृष्टीने खबरेगिरी. अनेक पोलीस पाटील मारले गेले, अनेकांनी राजीनामे दिले. सरपंच आणि पंचायत सदस्य यांचीही तीच गत झाली. २०१२ मध्ये लोकप्रतिनिधींच्या हत्या आणि धमक्या यांच्यामागोमाग पंचायत सदस्यांच्या राजीनाम्यांची लाट आली. काही ग्रामपंचायतींच्या निवडणुकीत एकही अर्ज दाखल न होण्याचे प्रसंगही घडले. इतरत्र ज्या पदासाठी भाऊबंद एकमेकांविरुद्ध उभे राहतात, ते पद येथे कोणी फुकटही घेईना. मान हा दिसण्यावर अवलंबून असतो. चावडीवरची खुर्ची, झेंडावंदनाचा मान, नावाची पाटी यांनी माणूस उठून दिसतो. गडचिरोलीच्या दुर्गम गावात उठून दिसणे हाच धोका होता.

याच काळात शासनाने बाहेरून येणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांविषयी कोणता विचार केला, हे पाहण्यासारखे आहे. गडचिरोलीची बदली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, अशी समजूत नोकरवर्गात रूढ होती. त्यावर उपाय म्हणून ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याचे धोरण ठरले. पोलीस दलासाठी दीडपट वेतनाची तरतूद झाली. या सवलती योग्यच होत्या. पण त्यांतून एक विसंगती उघडी पडते. पुण्याहून किंवा अमरावतीहून येणाऱ्या वर्ग एक अधिकाऱ्याच्या पदाला मान काही कमी नव्हता. तरीही केवळ मानावर तो येथे येणार नाही हे शासनाने ओळखले आणि वेतन वाढवले. जो जन्मापासून तेथेच राहत होता, जो बदली मागू शकत नव्हता, रात्री ठाण्याच्या कुंपणाआड नव्हे तर स्वतःच्या कुडाच्या घरात झोपत होता, त्या पोलीस पाटलाची मात्र मानधनावर बोळवण झाली. कोतवालाच्या बाबतीत जे घडले तेच येथे पुन्हा घडले. ज्याला नकार देता येतो त्याला धन मिळाले आणि ज्याला तो देता येत नाही त्याला मान.

गायता आणि ग्रामसभा

याच प्रदेशात वेतनाविना टिकलेली पदेही आहेत. माडिया गावात गायता, पेरमा, भूमिया अशी परंपरागत पदे असतात. पेरणीचा आरंभ, नवे धान्य आणि जंगलातील नवे फळ खाण्यापूर्वीचे पंडुम, गावदेवाची पूजा हे त्यांच्या पुढाकाराने होते. गायत्याला शासनाचे मानधन नाही आणि त्याने ते मागितल्याचेही ऐकिवात नाही. त्याला तहसील कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत, अहवाल पाठवावा लागत नाही. त्याचा मान ज्यांच्याकडून येतो त्यांच्यासाठीच त्याचे काम असते. मुकद्दम आणि पोलीस पाटील यांचे काम मुख्यतः वरच्या सत्तेसाठी आणि मान मात्र खालच्या गावाकडून अपेक्षित, असा उलटा हिशेब होता.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा देणाऱ्या या गोंड गावात निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभेत होतात आणि त्याआधी अभ्यास गटात त्यांची चर्चा होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा यांचे नाव राज्यभर झाले ते कोणत्याही सरकारी पदामुळे नव्हे. परंतु मेंढ्याचा दाखला देऊन 'पाहा, लोक मानासाठी विनामूल्य काम करतात' असे म्हणणे घाईचे ठरेल. तेथील ग्रामसभेकडे बांबूचे उत्पन्न आहे, गावनिधी आहे आणि ते उत्पन्न कोणाच्या एकट्याच्या सीर जमिनीत जात नाही. मालगुजाराच्या मानाखाली जसा धनाचा पाया होता तसा येथेही आहे. फरक इतकाच की तो पाया आता सर्वांचा आहे. ज्या गावांकडे जंगल नाही किंवा ज्यांचे दावे प्रलंबित राहिले, त्यांना हा मार्ग खुला नाही.

पदनामांचा प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. भीतीचा भार ओसरला तर गावपदांकडे पाहण्याची दृष्टीही बदलेल, अशी अपेक्षा करता येते. दरम्यान शासनाने मानाच्या बाजूने काही पावले टाकली. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचे पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' आणि तलाठ्याचे 'ग्राम महसूल अधिकारी' असे करण्याचे निर्णय झाले. मानधन वाढले ही गोष्ट खरीच, आणि ती वाढ थोडीथोडकी नाही. २०२४-२५ च्या २९७ रुपये मजुरीने मोजल्यास पोलीस पाटलाचे १५,००० रुपये सुमारे ५० दिवसांच्या मजुरीइतके होतात. त्यानंतर 'कोतवाल' हा शेकडो वर्षांचा शब्दही कागदपत्रांतून निघाला आणि त्या जागी 'महसूल सेवक' असे नाव आले. अपमानाचा वास असलेला शब्द गेला, याचे स्वागतच केले पाहिजे. गेली अनेक वर्षे मोर्चे काढून, धरणे धरून कोतवाल जे मागत आले होते ते मात्र नवे नाव नव्हते. त्यांना चतुर्थ श्रेणीचे वेतन हवे होते.